कोंबडीची पिसं आणि सरकारी परवाना

चीनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे, "तिथं काय, सगळं सरकारच करतं. हुकूम सुटला की कारखाना उभा." आणि दुसरं, "छे हो, सगळी नक्कल! माल स्वस्त, पण टिकेल याची खात्री नाही." दोन्ही वाक्यं बोलायला सोपी आहेत आणि दोन्हींत थोडं थोडं खरंही आहे. पण दोन्हींत माणसं नाहीत. ज्यांनी पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला पथारी पसरली, ज्यांनी ती उचलायला लावली आणि ज्यांनी "असू दे, बसू दे" म्हटलं, ती माणसं त्यांत कुठेच दिसत नाहीत.

आपल्या घरांत दुकानाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची. बायका गल्ल्यावर बसल्या नसतील, पण गल्ल्याचा हिशेब रोज त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येत आला आहे. म्हणून एक गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. दुकानाला भांडवल लागतं, अक्कल लागते, गिऱ्हाईक लागतं. पण या सगळ्याच्या आधी, "इथं बस, तुला कोणी उठवणार नाही," असं म्हणणारं कोणीतरी लागतं. चीनच्या गेल्या पंचेचाळीस वर्षांच्या उद्योगांचा इतिहास मला तरी या एका वाक्याचा इतिहास वाटतो. ते कोणी म्हटलं, कधी म्हटलं आणि कधी मागे घेतलं, हे पाहत गेलं की सरकारचा वाटा किती आणि खासगी माणसाचा किती, याचा हिशेब बराचसा लागतो.

थोडं मागे जाऊ. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. १९५६ पर्यंत खासगी कारखाने, पेढ्या, दुकानं जवळजवळ सगळी सरकारी किंवा सामुदायिक झाली. पुढे शेतकऱ्यांच्या जमिनी कम्यूनमध्ये गेल्या. १९५९ ते १९६१ या वर्षांत 'मोठ्या झेपे'च्या धोरणापायी असा दुष्काळ पडला की कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. आणि व्यापार? इथून स्वस्त घेऊन तिथे चार पैसे जास्तीने विकणं, ज्याला आपण साधा धंदा म्हणतो, त्याला तिथे 'सट्टेबाजी आणि नफेखोरी' म्हणत. माओंच्या मृत्यूनंतर आलेल्या १९७९ च्या फौजदारी कायद्यातही हा गुन्हा लिहिलेला होता आणि तो कायद्यातून निघाला थेट १९९७ मध्ये. म्हणजे बघा, चीनचा माल जगभर पोचू लागला त्यातली कितीतरी वर्षं तिथला व्यापारी कायद्याच्या पुस्तकात अर्धा गुन्हेगारच होता. हे मनात ठेवून पुढचं वाचा.

बदलाची सुरुवात झाली ती शेतावर. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग या दरिद्री खेड्यात अठरा घरांचे कर्ते रात्री गुपचूप जमले. त्यांनी एका कागदावर लिहून काढलं की यापुढे जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा वाटा आधी द्यायचा आणि उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं. हा उघड कायदेभंग होता. म्हणून त्या कागदात आणखी एक अट घातली. यापायी कोणाला तुरुंगात जावं लागलं, तर बाकीच्यांनी त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. खाली सगळ्यांचे अंगठे. पुढच्या वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी या प्रकाराकडे काणाडोळा तर केलाच, वर पाठिंबाही दिला. १९८२ पर्यंत केंद्रानेही ही पद्धत मान्य केली.

डेंग शियाओपिंग यांनी सुधारणा आणल्या, डिसेंबर १९७८ च्या बैठकीत पक्षाने दिशा बदलली, हे पुस्तकात असतं आणि ते खरंही आहे. पण त्या बैठकीच्या आसपासच, सरकारला न विचारता, अठरा शेतकऱ्यांनी आपापल्या मुलांची सोय लावून अंगठे उमटवले होते. आधी धाडस झालं, मान्यता नंतर आली. हा क्रम पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

आता यीवूकडे येऊ. झेजियांग प्रांतातलं हे गाव आपल्या ओळखीचं नसेल, पण त्याचा माल आपल्या घरात आहे. गणपतीच्या मखरावरच्या दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकची फुलं, केसांच्या पिना, मुलांच्या पेन्सिली-खोडरबरं, बेळगावच्या खडेबाजारात किंवा म्हापशाच्या बाजारात मिळणाऱ्या असल्या बारीकसारीक चिनी मालाची सगळ्यांत मोठी घाऊक पेठ म्हणजे यीवू. आज तिथल्या बाजारसंकुलात सुमारे ७५,००० गाळे आहेत.

पण मुळात हा मुलूख गरिबीचा. जमीन तांबडी, नापीक, माणसं जास्त. शेताला खत हवं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक जोडधंदा केला. उसाचा गूळ करायचा, त्याच्या वड्या खांद्यावरच्या कावडीत घालायच्या आणि शेतीची कामं थंडावली की हातातलं डमरूसारखं खुळखुळं वाजवत गावोगाव फिरायचं. गूळ द्यायचा आणि बदल्यात कोंबड्यांची पिसं घ्यायची. चांगल्या पिसांचे झटकणे करून विकायचे, उरलेली कुजवून भाताच्या खाचरात टाकायची. हळूहळू गुळासोबत सुया, दोरे, बटणंही कावडीत आली. आपल्याकडे जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण येते ना, अगदी तसंच. जी वस्तू घरात कचरा असते तीच दुसऱ्याकडे माल होते, हे ओळखणं म्हणजे व्यापाराची पहिली यत्ता. यीवूच्या माणसांनी ती कुठल्याही शाळेत न जाता पार केली होती.

१९८० च्या सुमारास ही माणसं गावातच रस्त्याकडेला माल मांडून बसू लागली. सरकारी पथकं येत, माल उचलून नेत, लोक पळत, पुन्हा येऊन बसत. त्यांत फेंग आयछ्यान नावाची एक बाई होती. बटणं, बुटांच्या नाड्या असा किरकोळ माल विकायची. घरची ओढग्रस्त होती आणि रोजच्या पळापळीला ती कंटाळली होती. १९८२ च्या मे महिन्यात ती सरळ उठली आणि तिथल्या पक्षसचिवाच्या कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. पक्षसचिव म्हणजे त्या भागाचा खरा कारभारी. त्यांचं नाव श्ये गाओहुआ, यीवूला नुकतेच आलेले. ते बाहेर पडताच या बाईने त्यांना अडवलं आणि गावठी बोलीत फैलावर घेतलं. आम्हाला जमीन नाही, नोकरी नाही, विकायचं नाही तर खायचं काय, असा तिचा सरळ सवाल होता. श्ये दुसऱ्या भागातले. तिची बोली त्यांना नीट कळेना. पण त्यांनी तिला हाकललं नाही, आत नेऊन बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि धंदा चालू ठेवायला सांगितलं.

नंतर त्यांनी माणसं पाठवून गावोगावची पाहणी केली. वरून अशा बाजाराला परवानगी देणारा कुठलाही कागद नव्हता. काही झालंच तर आपली खुर्ची जाईल, हे त्यांना माहीत होतं आणि ती जबाबदारी आपली, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं. ५ सप्टेंबर १९८२ रोजी बाजार अधिकृतपणे सुरू झाला. सुरुवातीला सातशेच्या आसपास पथाऱ्या होत्या. शेतकऱ्याला धंदा करू द्यायचा, शहरात येऊ द्यायचं, लांबवर माल न्यायला परवानगी द्यायची आणि सरकारी दुकानांशी स्पर्धाही करू द्यायची, अशा चार मोकळिकी त्यांनी दिल्या. करही सोपा केला. प्रत्येक विक्रीची पावती मागण्याऐवजी गाळ्यामागे ठरावीक रक्कम घेतली. ज्याने हातगाडीवर दोन रुपयांची पिन विकली आहे त्यालाच कळेल, ही केवढी मोठी सोय होती.

इथे सरकारने काय केलं? पैसा फारसा घातला नाही. कोणता माल विकायचा तेही सांगितलं नाही. एका अधिकाऱ्याने एका बाईचं ऐकून घेतलं आणि पथकाचा हात मागे घेतला, एवढंच. पुढच्या अधिकाऱ्यांनी मात्र तो धागा सोडला नाही. पिढीमागून पिढी मोठे मोठे बाजार बांधले, रस्ते केले आणि २०१४ मध्ये यीवूहून थेट स्पेनमधल्या माद्रिदपर्यंत मालगाडी सुटली. आजही तिथलं संकुल सरकारी मालकीच्या प्रमुख हिश्श्याची कंपनी चालवते आणि गाळ्यांत मात्र खासगी माणसं बसतात. छप्पर सरकारचं, गल्ला व्यापाऱ्याचा.

ही गोष्ट इथेच थांबवली तर गोड वाटेल. पण त्याच प्रांतात, त्याच १९८२ साली दुसरं काय घडत होतं तेही पाहायला हवं.

यीवूच्या दक्षिणेला समुद्रकाठी वेन्झोऊ शहर आहे. तिथे झांग हुआमेई नावाची तरुण मुलगी घराच्या दारात टेबल मांडून बटणं वगैरे विकायची. ११ डिसेंबर १९८० रोजी तिला वैयक्तिक धंद्याचा परवाना मिळाला. चीनमधला अशा प्रकारचा हा पहिला परवाना मानला जातो. त्यावर नंबर होता १०१०१. पुढे तिने बटणांचीच कंपनी काढली. त्याच वेन्झोऊच्या लियुशी गावात लोकांनी विजेच्या बटणांचे, स्विचचे, स्क्रूंचे छोटे छोटे धंदे काढले आणि त्यांतल्या आठ यशस्वी माणसांना लोक कौतुकाने 'राजे' म्हणू लागले. कोणी स्क्रूंचा राजा, कोणी विजेच्या वेटोळ्यांचा राजा. १९८२ मध्ये वरून 'आर्थिक गुन्हेगारी'विरुद्ध मोहीम निघाली आणि हेच आठ राजे गुन्हेगार ठरले. काही तुरुंगात गेले, काही परागंदा झाले. १९८४ मध्ये त्यांच्यावरचा ठपका काढून टाकण्यात आला. पण मधली दोन वर्षं कोणी परत दिली? आणि त्या घरातल्या बायकांनी ती दोन वर्षं कशी काढली असतील, हे कुठल्याही अहवालात नसतं.

एकच प्रांत, एकच साल, एकच कायदा. एका गावात बाजार उघडला, दुसऱ्या गावात माणसं आत गेली. फरक काय तर अधिकारी वेगळा. चीनच्या प्रगतीत सरकारचा हात किती, असं कोणी विचारलं तर मला आधी हीच दोन गावं आठवतात. 'सरकार' नावाची एक वस्तू तिथेही नव्हती. कोणी श्ये गाओहुआ होता, कोणी नव्हता.

आन्हुई प्रांतातल्या वूहू शहरात न्येन क्वांगज्यू नावाचा निरक्षर माणूस भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकायचा. गिऱ्हाइकाला वर मूठभर जास्त द्यायचा म्हणून लोक त्याला 'वेडा' म्हणत. त्याने तेच नाव आपल्या मालाला दिलं, 'वेड्याच्या बिया'. खप इतका वाढला की हाताखाली शंभरावर माणसं झाली आणि देशभर वाद पेटला. का, तर तेव्हाचा समज असा की सात माणसं कामाला ठेवली तर तो कष्टकरी, आठवं ठेवलं की तो पिळवणूक करणारा भांडवलदार! मार्क्सच्या ग्रंथातल्या एका हिशेबावरून हा आकडा काढलेला. प्रकरण थेट डेंग यांच्यापर्यंत गेलं. १९८४ मध्ये ते म्हणाले की त्याला हात लावू नका, लोकांना वाटेल धोरण बदललं. तरीही १९८९ मध्ये न्येनना अटक झाली. १९९२ मध्ये डेंग यांनी दक्षिणेच्या दौऱ्यात पुन्हा त्यांचा उल्लेख केला आणि ते सुटले. देशातल्या सर्वोच्च माणसाने दोनदा नाव घ्यावं तेव्हा कुठे बिया विकणारा घरी येतो, हे वाचून हसावं की घाबरावं, कळत नाही.

म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली. धंदा आपला, पैसा आपला, पण नोंदणी गावाच्या किंवा संस्थेच्या नावाने करायची. याला ते 'लाल टोपी घालणं' म्हणत. गावाला त्यातून पैसा मिळे आणि मालकाला संरक्षण. अशी लाल टोपीवाली दुकानं आणि खरोखरच गावाच्या मालकीचे कारखाने मिळून १९८० च्या दशकात खेडोपाडी उद्योगांचा पूर आला. कोट्यवधी माणसं शेतातून कारखान्यात गेली. १९८७ मध्ये खुद्द डेंग यांनी परदेशी पाहुण्यांना सांगितलं की हे आम्हाला अपेक्षितच नव्हतं, याचं श्रेय केंद्र सरकारचं नाही. असं मोकळेपणाने बोलणारे राज्यकर्ते थोडेच. खासगी धंद्याला राज्यघटनेत जागा मिळाली ती त्यानंतर, १९८८ मध्ये.

मोकळीक मिळाली की सगळं चांगलंच होतं, असंही नाही. वेन्झोऊचे बूट स्वस्त म्हणून देशभर खपले, पण आठवड्यात तळवा सुटायचा. आत चामड्याऐवजी पुठ्ठा! ८ ऑगस्ट १९८७ रोजी प्रांताची राजधानी हांगझोऊ इथे भर चौकात असे पाच हजारांवर जोड जाळण्यात आले. वेन्झोऊची लाज देशभर गेली. मग तिथल्या प्रशासनाने आणि कारखानदारांनी मिळून दर्जाचे नियम कडक केले. आज ८ ऑगस्ट हा दिवस ते शहर 'सचोटीचा दिवस' म्हणून पाळतं. स्वतःची नामुष्की कॅलेंडरवर लिहून ठेवायला मन मोठं लागतं.

दर्जाची दुसरी गोष्ट छिंगदाओ शहरातली. तिथला फ्रिजचा कारखाना डबघाईला आला होता. तो खासगी नव्हता, सामुदायिक मालकीचा होता. १९८४ च्या अखेरीस झांग रुईमिन त्याचे व्यवस्थापक झाले. त्यांनी लावलेल्या नियमांत कारखान्याच्या आत लघवी करू नये, हाही एक नियम होता. यावरून तिथली अवस्था ओळखा. १९८५ मध्ये एका गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हणून त्यांनी गोदाम तपासलं. सुमारे चारशे फ्रिजपैकी ७६ सदोष निघाले. त्या काळी एका फ्रिजची किंमत कामगाराच्या दोनेक वर्षांच्या पगाराएवढी. कामगार म्हणाले, आम्हालाच स्वस्तात द्या. झांग यांनी घण मागवला आणि ज्यांनी ते फ्रिज बनवले त्यांनाच ते फोडायला लावले. तोच कारखाना पुढे 'हायर' झाला. पुण्याजवळ रांजणगावला आज त्यांचा कारखाना आहे आणि आपल्यापैकी कितीजणींच्या स्वयंपाकघरात त्यांचा फ्रिज असेल. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की मालकी कोणाची, यावर दर्जा ठरला नाही. खासगी बुटांत पुठ्ठा निघाला आणि सामुदायिक कारखान्यात घण उचलला गेला. जबाबदारी कोणी घेतली, त्यावर सगळं ठरलं.

या भरभराटीची किंमत कोणी दिली, हे बायकांनी तरी विसरू नये. १९८० मध्ये हाँगकाँगला लागून शेनझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र झालं. परदेशी भांडवल आलं, कारखाने आले आणि खेड्यापाड्यांतून अठरा-वीस वर्षांच्या मुली कामाला आल्या. शहरात राहायच्या, पण त्यांची नोंद गावची, म्हणून शहरातल्या सोयींवर हक्क नाही. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेनझेनमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. ८७ जणांचा जीव गेला, बहुतेक सगळ्या तरुण मुली. इथेही परवानगी देणारं सरकार होतं, पण दार उघडं आहे की नाही हे पाहणारं सरकार नव्हतं. पुढच्याच वर्षी देशाचा पहिला कामगार कायदा झाला. हात मागे घेणं हे सरकारचं एक काम झालं, लक्ष ठेवणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

तोवर धंद्यात शिकलेली माणसंही उतरली होती. १९८४ मध्ये बीजिंगच्या विज्ञान अकादमीच्या संगणक संस्थेतल्या अकरा जणांनी संस्थेकडूनच दोन लाख युआन घेऊन कंपनी काढली. तिची सुरुवात पहारेकऱ्याच्या छोट्याशा खोलीत झाली. तीच आजची लेनोव्हो. २००५ मध्ये तिने अमेरिकेच्या आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा धंदा विकत घेतला. १९८७ मध्ये शेनझेनच्या प्रशासनाने तंत्रज्ञांना खासगी कंपनी काढायला मुभा देणारा नियम केला आणि त्याच वर्षी सैन्यातून बाहेर पडलेल्या रेन झेंगफेई यांनी २१,००० युआनवर हुआवे सुरू केली. एकीकडे संस्थेचा पैसा, दुसरीकडे नुसता नियम. हुआवेलाही पुढे सरकारी बँकांचं पाठबळ मिळालं, पण ती स्वतःच्या पायावर उभी राहिल्यानंतर.

एकविसाव्या शतकात मात्र सरकारने नुसती परवानगी दिली नाही, थैलीच उघडली. वूशी शहराने २००१ मध्ये आपल्या सरकारी कंपन्यांकडून ६० लाख डॉलर गोळा करून ऑस्ट्रेलियात शिकून आलेले संशोधक शी झेंगरोंग यांना सौर पट्ट्यांचा कारखाना काढून दिला. नाव सनटेक. चार वर्षांत कंपनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात गेली आणि शी देशातल्या सर्वांत श्रीमंतांत गणले गेले. मग काय, प्रत्येक शहराला आपला सौर कारखाना हवा झाला! बँकांनी कर्जं दिली, माल गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाला, भाव कोसळले आणि २०१३ मध्ये सनटेकचं दिवाळं वाजलं. पैसा बुडाला. पण त्या कोसळलेल्या भावांमुळेच सौरवीज जगभरातल्या सामान्य घरांच्या आवाक्यात आली. आपल्या गच्चीवरच्या पट्ट्यांच्या स्वस्ताईत वूशीच्या बुडीत कर्जांचाही वाटा आहे.

विजेवरच्या गाड्यांचं तसंच. वांग छुआनफू यांनी १९९५ मध्ये शेनझेनमध्ये वीसेक माणसांवर बीवायडी ही मोबाइलच्या बॅटऱ्यांची कंपनी काढली. महागडी यंत्रं परवडत नव्हती, म्हणून त्यांनी यंत्राच्या कामाचे तुकडे पाडून ते माणसांच्या हातांनी करून घेतले. २००३ मध्ये त्यांनी मोटारींचा एक डबघाईचा कारखाना घेतला, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. दुसरीकडे जर्मनीत औडी कंपनीत काम करून परतलेले इंजिनिअर वान गांग २००७ मध्ये विज्ञानमंत्री झाले. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही नव्हते. पेट्रोलच्या इंजिनात आपण जर्मनी-जपानला गाठू शकणार नाही, विजेच्या गाडीत सगळेच नवखे आहेत, हा त्यांचा विचार. २००९ पासून शहरांना विजेच्या बस-टॅक्सी घ्यायला सरकारने पैसे दिले. २०१७ च्या अखेरीस शेनझेनच्या १६,००० हून जास्त बस सगळ्याच्या सगळ्या विजेवर आल्या. पुण्यात आणि गोव्यात धावू लागलेल्या ओलेक्ट्रा कंपनीच्या विजेच्या बसगाड्यांमागे याच बीवायडीचं तंत्रज्ञान होतं.

बॅटरी वांग यांची आणि बाजारपेठ सरकारने घडवलेली, मग श्रेय कोणाचं? पीठ आणि पाणी यांत पोळी कोणाची, असं विचारण्यासारखं आहे ते. पण फुकटच्या पैशाला मुंग्याही लागतात. २०१६ मध्ये अर्थमंत्रालयाने पाच कंपन्यांची नावं जाहीर केली. न बनवलेल्या गाड्यांवर त्यांनी अनुदान उचललं होतं. केंद्राचं हे अनुदान हळूहळू कमी करत २०२२ च्या अखेरीस बंद केलं. मूल चालायला लागलं की बोट सोडावं लागतंच.

आणि परवानगी परत घेतली जाते तेव्हा? हांगझोऊचे शिक्षक जॅक मा यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर घरातूनच अलीबाबा सुरू केली. तिच्या जोरावर यीवूचा छोटा गाळेवाला जगाला माल विकू लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये मा यांनी जाहीर भाषणात सरकारी बँकांच्या जुनाट वृत्तीवर टीका केली. त्यांच्या अँट कंपनीची जगातली सगळ्यांत मोठी शेअरविक्री दोन दिवसांवर आली असताना, ३ नोव्हेंबरला, ती थांबवण्यात आली. काळजीची कारणं खरीही होती, कर्जवाटपाचा फुगा मोठा झाला होता. पण पुढे मा बरेच दिवस लोकांसमोर आलेच नाहीत आणि सगळ्या देशाच्या उद्योजकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. बियावाल्या न्येनपासून चाळीस वर्षांनीही प्रश्न तोच होता, उद्या उठवणार तर नाहीत ना?

त्याचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न तिथे चालू आहे. चीनमध्ये खासगी उद्योग देशाच्या उत्पन्नात साठ टक्क्यांहून जास्त, नव्या तंत्रज्ञानात सत्तर टक्क्यांहून जास्त आणि शहरी रोजगारात ऐंशी टक्क्यांहून जास्त भर घालतात, असं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितलं. २० मे २०२५ पासून खासगी उद्योगांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा लागू झाला. म्हणजे झांग हुआमेईच्या परवान्यापासून कायद्यापर्यंतचं अंतर कापायला साडेचव्वेचाळीस वर्षं लागली. कायदा कागदावर आला, आता तो किती उतरतो ते तिथले गाळेवालेच सांगतील.

तेव्हा हिशेब असा लागतो. नवं बहुतेक वेळा खालून आलं, ज्याला पोट भरायचं होतं त्याच्याकडून. सरकारचा पहिला आणि सगळ्यांत मोठा वाटा म्हणजे हात मागे घेणं. तो कुठल्याशा अधिकाऱ्याने स्वतःची खुर्ची पणाला लावून घेतला. दुसरा वाटा रस्ते, बाजार आणि नियमांचा. तिसरा पैशाचा, ज्यातून बीवायडी उभी राहिली आणि सनटेक बुडाली. आणि जमेच्या या बाजूसमोर खर्चाची बाजूही लिहायलाच हवी, ते आठ राजे, त्या खेळण्यांच्या कारखान्यातल्या मुली.

श्ये गाओहुआ यांना २०१८ मध्ये सुधारणांच्या शंभर अग्रणींपैकी एक म्हणून बीजिंगला गौरवण्यात आलं. पुढच्या वर्षी ते गेले. यीवूमध्ये ते फक्त अडीच-पावणेतीन वर्षं होते, पण तिथले व्यापारी त्यांना अखेरपर्यंत आपला माणूस मानत राहिले. फेंग आयछ्यानचं नावही तिथे सगळ्यांना माहीत आहे. नाड्या आणि बटणं विकणारी ती बाई त्या दिवशी घरीच बसली असती, तर त्या अधिकाऱ्याच्या धाडसालाही दार सापडलं नसतं.